डूमच्या फळ्यांवरची बाई

१

कळीचा चुना विरवायचा तर आधी वारा बघायचा. वारा पाठीकडून हवा. पाणी पडलं की चुना जरा वेळ गप्प बसतो, मग फुसफुसतो, मग रटरटायला लागतो, आणि उडालेला एक शिंतोडा डोळा घेऊन जातो. माझ्या बापाचा डावा डोळा तसाच गेला. उरलेल्या डोळ्याने त्याने मला हे काम शिकवलं. तो गेल्यावर आमच्या एल्डरशॅमच्या चर्चला दर ईस्टरच्या आधी मीच चुना द्यायची.

नवख्याला वाटतं, चुना लागलाच नाही. कुंचला फिरवावा तर खालचं सगळं जसंच्या तसं दिसतं. ओला चुना पाण्यासारखा आरपार असतो. वाळत जाईल तसा पांढरा पडतो. तेवढा दम धरता आला पाहिजे, बाकी या कामात काही नाही.

चर्चच्या मधल्या कमानीवर, थेट छतापर्यंत, ओकच्या रुंद फळ्या ठोकलेल्या होत्या. त्यांना सगळं गाव ‘डूम’ म्हणायचं. का म्हणायचं ते कुणाला विचारावंसंही वाटलं नव्हतं. चुलीला चूल म्हणतात, तसं. माझी आई म्हणायची, “डूमला दोन हात जास्त दे गं, मेणबत्त्यांचा धूर तिथेच बसतो.” मी शिडीवर चढून दोन हात जास्त द्यायची.

म्हाताऱ्या राणीच्या शेवटच्या वर्षांतली गोष्ट. त्या उन्हाळ्यात चर्चचं छत दुरुस्तीला काढलं. सुतारांनी त्या फळ्या उतरवल्या आणि बाहेर उत्तरेच्या भिंतीला टेकवून ठेवल्या. चर्चची देखभाल जोनस बलार्ड करायचा. थडगी खणणं, गवत काढणं, उंदीर मारणं, सगळं तोच. मी त्याला विचारलं, “जोनस, या फळ्या जळणातच जायच्या ना? मला दे. डुकराचं खुराडं पडायला आलंय.”

“न्या की. पण डूमखाली झोपणाऱ्या डुकराला रविवारी उपास धरावा लागेल हो.”

रात्री पाऊस झाला. सकाळी मी हातगाडी घेऊन गेले, तर जोनस टोपी हातात धरून उभा होता. देखभालवाला टोपी कुणासाठी काढत नाही, मेलेल्यांसाठीसुद्धा नाही.

“थर्झाबाई,” तो म्हणाला, “डुकराला दुसरं काहीतरी बघा.”

पावसाने चुना ओघळला होता. मधल्या फळीतून एक डोळा आमच्याकडे बघत होता.

२

आमचे पाद्रीबाबा, लॅव्हेरिक त्यांचं आडनाव, सत्तरी ओलांडलेला माणूस. पुस्तकं आणि मधमाश्या, दोन्हींत सारखाच रमायचा. त्यांनी बजावलं, घासायचं नाही, खरवडायचं नाही. पावसालाच धुऊ दे.

पावसाने सावकाश धुतलं. वर इंद्रधनुष्यावर बसलेला न्याय करणारा दिसायला लागला. एका बाजूला किल्ल्याच्या दारातून आत चाललेले पुण्यवान, चेहरे सगळ्यांचे एकसारखे तुकतुकीत. दुसऱ्या बाजूला नरकाचं तोंड म्हणून एक मासा, जबडा वासलेला, गवताची भरली गाडी आत जाईल एवढा. आणि त्याच्याकडे ओढत नेलेली माणसं, उघडीनागडी, सगळ्यांभोवती मिळून एकच साखळी.

“चारशे वर्षांपूर्वीचं असेल,” पाद्रीबाबा म्हणाले. “पुढे चित्रं नकोत असा हुकूम निघाला, तेव्हा यावर चुना दिला. हे डूम.”

मी म्हटलं, “म्हणजे जगाचा शेवट.”

“आता तसं म्हणतात. जुन्या लोकांच्या बोलीत डूम म्हणजे नुसता निवाडा. राजाने कायदे केले तर तेही डूमच. बांध कुणाचा, हरवलेली गाय कुणाची, हे चार माणसं झाडाखाली बसून ठरवायची, तेही डूम. मग शेवटच्या निवाड्याचा दिवस तो डूम्सडे झाला. पुढे लोक निवाडा विसरले आणि शेवट तेवढा लक्षात ठेवला.”

“माणसाचं तसंच,” जोनस म्हणाला. “जेवण विसरतो, ठसका लक्षात ठेवतो.”

मी हसले. हसता हसता साखळीच्या शेवटच्या टोकाकडे बघितलं आणि हसणं तिथेच राहिलं.

सगळ्यांत मागे एक बाई होती. अंगावर काही नाही, डोक्याला पांढरी टोपी. तोंड अजून चुन्याखालीच होतं. डावा हात पुढे आलेला, बोटं पसरलेली. करंगळी अर्धीच होती.

माझी धाकटी बहीण केझाया लहानपणी कडबा कापायच्या यंत्राशी खेळली होती. डाव्या हाताची करंगळी तिने तिथे अर्धी ठेवली. इप्सविचला मोठ्या घरी कामाला होती, ती त्या वसंतात पोट घेऊन परत आली. बाप कोण ते सांगितलं नाही, मी विचारलंही नाही. आमच्या घरात एक खोली रिकामी होती आणि माझ्या नवऱ्याला मूल व्हायच्या आधीच समुद्राने नेलं होतं. मला बरंच वाटलं.

रंग उडाला असेल, मी मनाशी म्हटलं. चारशे वर्षांत करंगळीचा तुकडा उडणारच.

३

ओबेडाया प्लम्ब पिंपं बांधायचा आणि रविवारी त्याच्या वेगळ्या पंथाच्या प्रार्थनाघरात उपदेश करायचा. त्याचे लोक त्याला भाऊ म्हणत. तो दगाबाज नव्हता, हे मला सांगितलंच पाहिजे. तापात त्याची तिन्ही लेकरं गेली होती, आणि जगाचा शेवट झाला की ती परत भेटणार एवढं त्याने धरून ठेवलं होतं. त्यासाठी तो वर्षानुवर्षं बायबलमधले आकडे जुळवत होता. एकदा आधीही त्याने दिवस सांगितला होता. त्या दिवशी मी कपडे धुतले होते, चांगले वाळले.

फळ्या उघड्या पडल्यावर त्याला आकड्यांची गरज उरली नाही. खूण मिळाली, असं तो म्हणाला. सुगीच्या सणाचा रविवार, दुपारची घंटा, तेव्हा जगाचा शेवट.

आणि या खेपेला गावाने ऐकलं. लोक मुख्य रस्ता सोडून कबरस्तानातून जायला लागले, फळ्यांवर आज किती उघडलं ते बघायला. कुणी बटाटे काढायचे सोडले. मिसेस क्रॅनने कोंबड्या वाटून टाकल्या, दोन मला दिल्या. मी घेतल्या. शेवट झाला असता तर परत मागायला ती आलीच नसती.

मी मात्र एका गोष्टीकडे बघत होते. पहिल्या दिवशी ती मागची बाई आणि जबडा यांच्यामध्ये साखळीतली सगळी माणसं होती. काही दिवसांनी मला त्यातली पुढची दिसेनात. जबड्याजवळचा रंग काळवंडला होता, तिथे काय आहे आणि काय नाही ते कळत नव्हतं. मी वीत लावली. बाईपासून दातापर्यंत माझी वीत दोनदा बसायची. पुढच्या पावसानंतर दीडदा बसली.

“जोनस, या फळ्या हलवल्यास का?”

“नाही. का?”

“इथलं अंतर कमी झालंय.”

त्याने बघितलं. त्याला बघायचं नव्हतं, तरी बघितलं. “लाकूड आहे, थर्झाबाई. भिजलं की फुगतं.”

“फुगलं तर अंतर वाढेल.”

“मग उन्हाने आक्रसलं असेल,” तो म्हणाला आणि फावडं घेऊन निघून गेला. त्या दिवशी कुणी मेलेलं नव्हतं.

४

त्या बाईच्या तोंडावरचा चुना गेला तेव्हा मी तिथे नव्हते. आधी बातमी गावात पोचली, मग माझ्यापाशी. केझायाला मी तिकडे जाऊ देत नव्हते. तरी ती गेली, जड पोटाने, दुपारच्या उन्हात.

परत आली आणि ओट्यापाशी बसली. मी कणकेचे गोळे उकडत होते.

“थर्झे, मी आहे त्यात.”

“त्यात एक बाई आहे. बाईसारखी बाई असते.”

“माझ्या हनुवटीवरचा वण आहे. तू दिलेला.”

लहानपणी भांडताना मी तिला झाऱ्या मारला होता. मी भांड्यावर झाकण ठेवलं. “लाकडाची गाठ असेल. तिथे रंग धरत नाही.”

“मी जन्मायच्या आधीच ते ठरलंय गं. माझ्या आधी आणि आईच्याही आधी. मग मी चांगली वागले काय नि वाईट वागले काय.”

“मग आता जेव. जेवलीस काय नि न जेवलीस काय.”

ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी हेरिंग मासे भाजले, तिच्या आवडीचे, कडा जळलेले. तिने नुसते चिवडले. रस्त्याने ती गेली की बायका लेकरांना मागे ओढायच्या. त्यांचा राग मी धरला नाही. चित्र बघून त्यांना हायसं वाटलं होतं, एवढंच. त्यात त्या स्वतः नव्हत्या.

रोज संध्याकाळी केझाया एकच विचारायची. “अजून आहे का ती?” मला खोटं बोलता आलं असतं. पण आम्ही एका गोधडीत वाढलो होतो. माझा श्वास बदलला तरी तिला कळायचं.

“आहे,” मी म्हणायची.

“पुढे सरकली?”

“जेव आधी.”

सुगीच्या रविवारच्या आदल्या दिवशी मी परत वीत लावली. लावायची गरज नव्हती. दोन बोटं मावत होती. आणि आधी ती बाई माशाकडे बघत होती, हे मी शपथेवर सांगते. आता तिने मान वळवली होती. ती बाहेर बघत होती, आमच्या घराच्या रोखाने.

५

रविवारी पहाटेच कळा सुरू झाल्या. सुईण मिसेस नॉय आली, बाह्या सरसावून. सकाळ अर्धी झाली तशी ती मला दाराबाहेर घेऊन आली.

“बाळ नीट आहे. वाट मोकळी आहे. पण तुझी बहीण जोर करत नाहीये.”

“थकली असेल.”

“थकलेल्या बायका मी पुष्कळ बघितल्यात. ही थकलेली नाही. ही कशाची तरी वाट बघतेय. दुपारपर्यंत अशीच पडून राहिली तर मला दोघांनाही धुऊन कापडात गुंडाळावं लागेल. तुला जे काय करायचं ते आत्ता कर.”

मी आत गेले. केझाया भिंतीकडे तोंड करून पडली होती. टोपी पांढरी, घामाने कपाळाला चिकटलेली. एवढे दिवस रोज ती टोपी मी धुवत होते आणि तेव्हाच मला ती पहिल्यांदा दिसली.

“केझे, जोर कर.”

“कशाला? त्याला कुठे आणू? घंटा व्हायला आली.”

“ती बाई तिथे नसली तर?”

ती वळली. “तू खोटं बोलशील.”

“बोलणार नाही. बघून येते आणि सांगते. तोवर दम धर. माझ्यासाठी नको, मिसेस नॉयसाठी धर. बिचारी सुगीचं जेवण सोडून आलीय.”

केझाया हसली नाही, पण तिच्या भुवया जरा हलल्या. परसात चुन्याचं पिंप होतं, ईस्टरचा उरलेला चुना पाण्याखाली राखलेला. मी बादली भरली आणि बापाचा कुंचला घेतला.

६

आत चर्चमध्ये सुगीची प्रार्थना चालली होती, गव्हाच्या पेंढीच्या आकाराचा पाव वेदीवर ठेवलेला, पण बाकं निम्मी रिकामी. बाकीचं गाव बाहेर फळ्यांसमोर उभं होतं. भाऊ प्लम्बच्या अंगावर चांगला कोट होता. तिन्ही लेकरांच्या टोप्या त्याच्या हातात होत्या. ते बघून माझे पाय जरा अडखळले. पण अडखळलेच, थांबले नाहीत.

मी गर्दीतून गेले. बादलीला लोक वाट देतात, माणसाला देत नाहीत.

आता एक बोटही मावत नव्हतं. दात तिच्या पावलाला लागलेला होता. तिच्या पुढची साखळी सरळ त्या काळोखात गेली होती, आणि ताणलेली होती. चित्रातली साखळी ताणलेली आहे की सैल, ते कसं कळतं, मला विचारू नका. मला कळलं.

“थर्झा,” प्लम्ब म्हणाला, “काय करतेस?”

“माझं काम.”

“डूमवर हात टाकतेस? हा निवाडा आहे.”

“निवाडाच आहे ना? मग इथे हिच्या बाजूने कोण उभं आहे?”

मी बादली खाली ठेवली.

“चोरलेल्या गाईच्या निवाड्यालासुद्धा दोन्हीकडची माणसं बोलावतात. इथे वर एक बसलाय, खाली एक मासा आहे, आणि मध्ये तुम्ही सगळे बघताय. हिच्या बाजूने मी बोलते. ही आजवर कुणाच्या वाटेला गेली नाही. ही येणार नाही. लिहून घ्या नाहीतर विसरा.”

“तुला हा अधिकार कुणी दिला?”

“ईस्टरला दर वर्षी तुम्हीच देता,” मी म्हटलं आणि कुंचला बुडवला.

पहिला हात पावलावरून मारला, दातासकट. मग पाठ, मग टोपी, मग तोंड. डूमला दोन हात जास्त. चुना ओला होता, खालचं सगळं दिसत होतं, उलट जास्त लख्ख. कुणीतरी मागून म्हणालं, “लागतच नाहीये.” एक बाई रडायला लागली.

“दम धरा,” मी म्हटलं. ते त्यांना म्हटलं की स्वतःला, आठवत नाही.

कुंचला जड झाला. फळीपाशी नेला की पलीकडून कुणी धरावा तसा धरला जात होता आणि सोडवून घ्यावा लागत होता. लाकूड खडबडीत आहे, मी म्हटलं. केस अडकतात. ऊन होतं, वारा होता, फुलपाखरं होती. अशा उजेडात माणसाला भलतं काही दिसत नाही.

मग त्या ओल्या चुन्याखाली तिचा डावा हात वर आला. सावकाश. धुकं धरलेल्या काचेला आतून टेकवावा तसा तळवा फळीला टेकला. साडेचार बोटं. मी बघत होते आणि तळव्याभोवतीचा चुना कडेकडेने पांढरा होत आत येत होता. मला वाटलं, मी तिला तिथे कोंडते आहे की बाहेर काढते आहे? हे मला ठाऊक नव्हतं. आजही पक्कं ठाऊक नाही. मी माझा हात त्या तळव्यावर ठेवला. चुना कातडी खातो, ओला तर फार. तरी ठेवला.

वर घंटा वाजायला लागली. सगळ्यांनी डोळे मिटले. मी मिटले नाहीत.

घंटा थांबली. कुंपणावर एक कोंबडा आरवला, दुपारी, मूर्खासारखा. प्लम्बने डोळे उघडले आणि हातातल्या टोप्यांकडे बघितलं. त्याच्याकडे बघवेना. मी हात काढला. खाली फळी कोरडी होती. पांढरी. नुसती पांढरी.

७

घरी पळत आले. दारातूनच ओरडले, “केझे, गेली.”

“शपथ?”

मी हात पुढे केला. तळव्याची साल निघाली होती. तिने तो बघितला, माझ्या तोंडाकडे बघितलं, माझा श्वास ऐकला. मग तिने दात आवळले आणि मिसेस नॉय म्हणाली, “आता कशी. ये बाई, ये.”

मुलगी झाली. काळीनिळी, रागावलेली, गळा काढून रडणारी. तिचं नाव ड्रूसिला ठेवलं.

मिसेस नॉय केझायाला पुसत होती. डावा हात हातात घेतला आणि थांबली.

“हिच्या हाताला हे काय?”

तळव्यावर चुना होता. वाळलेला, रेषारेषांत बसलेला, अर्ध्या करंगळीच्या टोकापर्यंत.

“माझा लागला असेल,” मी म्हटलं.

“तू तिला अजून शिवलीसच कुठे?” मिसेस नॉय म्हणाली. तिने फडकं ओलं केलं, तो हात पुसला, आणि त्या विषयावर मरेपर्यंत कधी बोलली नाही. चांगली सुईण होती.

८

जग चालू राहिलं. मिसेस क्रॅन कोंबड्या मागायला आली. एक दिली, एक आम्ही खाल्ली होती. प्लम्बने नवा दिवस शोधला नाही. त्या टोप्या त्याने एक दिवस ड्रूसिलासाठी आणून दिल्या, दारातच.

पाद्रीबाबांनी फळ्या आत नेऊन परत टांगल्या. पुढे लंडनहून चित्रांची जाणकार माणसं आली, तेव्हा त्यांनी औषधं लावून सगळं साफ केलं. साखळीच्या टोकाचा तेवढा पांढरा ठिपका निघेना. ते म्हणाले, याच्याखाली चित्र नाहीच. मी म्हटलं, नसेल.

केझाया आता नाही. तिने बाप्या माणसासारखं पोटभर जगून घेतलं आणि झोपेत गेली. ड्रूसिलाला नातवंडं आहेत. मी अजून आहे, का ते माहीत नाही. शिडीवर चढू देत नाहीत, पण ईस्टरला चुना मीच विरवते.

यंदा तो पांढरा ठिपका खालच्या कोपऱ्याला जरासा सुटलाय. नवे पाद्री तरुण आहेत, त्यांना कौतुक वाटलं, मला बोलावून दाखवलं. खाली एक पाऊल निघालंय, म्हातारं, शिरा आलेलं. त्याच्या बाजूला काहीतरी गोल, कडी असलेलं.

“हे काय असेल, आजी? भांडं?”

“बादली,” मी म्हटलं.

“चारशे वर्षांपूर्वीच्या चित्रात?” ते हसले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, “तुम्हाला नको वाटत असेल तर परत चुना देऊ या तिथे.”

मी म्हटलं, नको, राहू द्या. माझ्यावर चुना द्यायचा नाही, कुणीही. बोलावलंय तर मी जाईन. साखळीत माझ्या पुढे पुष्कळ माणसं आहेत, त्या काळोखात गेलेलीसुद्धा. त्यांच्या बाजूने तेव्हा कुणी उभं राहिलं नव्हतं.

पोचले की जबड्याच्या टोकाकडून सुरुवात करीन. बादली तिथे आहेच. फक्त चुना मी घरचा नेईन, आणि आधी वारा बघीन.